श्रेबर-बागा



जर्मनींतील एकाद्या मोठ्या शहराजवळ आगगाडी येऊं लागली म्हणजे रुळांच्या कडेला पुष्कळदां एक चमत्कारिक वस्ती दृष्टीस पडते. बाहुल्यांच्या घरांसारखीं लहान लहान लांकडी घरें, प्रत्येकापुढें भाजीचे चार वाफे, एकादें सफरचंदाचें झाड, आणि मधून कुंपणांच्या सरळ रांगा. परक्या माणसास ही गरिबांची झोंपडपट्टी वाटावी. वस्तुतः तेथें कोणी राहत नाहीं. कायमचें राहण्यास कायद्यानेंच मनाई आहे. ह्या आहेत शहरांतील बिऱ्हाडकरूंच्या बागा. जर्मन लोक त्यांस श्रेबर-बागा म्हणतात. त्यांची जन्मकथा, आणि अनेकांनीं मिळून बाग चालवावयाची कशी हा प्रश्न त्यांच्या सभासदांनीं कसा सोडविला, हें आज आपणांस सांगावें असा माझा विचार आहे.

नांव श्रेबरचें खरें, पण श्रेबरनें ही बाग लावली नाहीं. डॉ. मोरिट्स श्रेबर (१८०८-१८६१) हा लाइपझिग शहरांतील अस्थिव्यंगांवर उपचार करणारा वैद्य. शहरांतील मुलें कोंदट खोल्यांत वाढतात, त्यांना मोकळी हवा व व्यायाम मिळाला पाहिजे, असें तो हिरिरीनें प्रतिपादन करीत असे. त्याच्या शिस्तीच्या कल्पना मात्र फार कठोर होत्या. मुलांनीं ताठ बसावें म्हणून त्यानें पट्ट्यांचीं साधनें काढलीं होतीं. (त्याचा एक मुलगा पुढें न्यायाधीश झाला, त्याला वेड लागलें, आणि त्यानें १९०३ सालीं छापलेल्या आत्मकथनावर फ्रॉइडनें १९११ मध्यें निबंध लिहिला, परंतु तो विषय निराळा.) श्रेबर वारल्यावर तीन वर्षांनीं, म्हणजे १८६४ सालीं, हाउशिल्ड नांवाच्या एका मुख्याध्यापकानें पालकांची संस्था काढली आणि तिला त्या वैद्याचें नांव दिलें. पुढील वर्षीं योहाना-पार्कजवळच्या कुरणांत मुलांसाठीं खेळाचें मैदान तयार झालें. एवढेंच. बागेची गोष्ट अद्याप कोणाच्या मनांतही नव्हती.

ती आली १८६८ सालीं. गेझेल नांवाच्या एका निवृत्त शिक्षकानें मैदानाच्या कडेला मुलांकरितां वाफे आंखून दिले. मुलांनीं माती उकरावी, बीं पेरावें, रोप वाढतांना पाहावें, हा त्याचा हेतु. पुढें काय झालें तें ज्यांच्या घरीं मुलें आहेत त्यांस सांगावयास नकोच! चार दिवस उत्साह टिकला. मग मुलें चेंडूकडे वळलीं आणि वाफ्यांत तण माजलें. तें पाहून आईबापांचे हात शिवशिवूं लागले. ते स्वतःच खुरपणी करूं लागले आणि मुलांचे वाफे कुटुंबांचे वाफे झाले. मला ह्या सर्व इतिहासांत हा भाग अत्यंत गोड वाटतो. एक मोठी सामाजिक चळवळ उभी राहिली ती योजना सफल झाल्यामुळें नव्हे, फसल्यामुळें.

परंतु वाफा कुटुंबाचा झाल्याबरोबर तंटेही कुटुंबाचे झाले असले पाहिजेत. आपल्याकडील चाळींत नळ एक आणि बिऱ्हाडें वीस असलीं म्हणजे काय होतें हें आपण जाणतोंच. १८६९ सालीं वाफ्यांची संख्या शंभराच्या घरांत गेली आणि त्याच सालीं सभासदांनीं लेखी नियम केले. प्रत्येकाचा तुकडा वेगळा मोजून त्यास कुंपण घातलें गेलें. हत्यारें ठेवण्यास खोपटीं आलीं. जमीन कोणाच्याही मालकीची नाहीं. ती संस्थेनें खंडानें घ्यावयाची आणि सभासदांस वांटून द्यावयाची. वाटा, मैदान व वेशीवरचें कुंपण हीं सर्वांचीं. म्हणून प्रत्येक सभासदानें वर्षांतून कांहीं तास सामायिक कामास द्यावे आणि जो येणार नाहीं त्यानें त्याबद्दल पैसे भरावे, अशी रीत अशा संस्थांत रूढ झाली व ती आजही आहे. सभासद बाग सोडून जातो तेव्हां त्याच्या झाडांची व खोपटाची किंमत संस्थेचे माणूस ठरवितात, म्हणजे नव्या येणाऱ्यास कोणी नाडूं नये.

खंडाच्या जमिनीचा धोका मात्र लौकरच कळला. शहर वाढूं लागलें आणि १८७६ सालीं मूळ संस्थेस जागा बदलून नवी जमीन नांगरावी लागली. तीच तिची आजची जागा. तरीही लोण पसरलें. १८९१ पर्यंत लाइपझिगमध्येंच आणखी चौदा श्रेबर-संस्था निघाल्या. पुढें पहिलें महायुद्ध आलें. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनींत शलगमांचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. बटाट्याचें पीक बुडालें आणि लोक गुरांच्या खाद्यावर दिवस काढूं लागले. ज्याच्याजवळ दोन वाफे होते त्याच्या घरीं निदान कोबी शिजला. युद्ध संपतांच, ३१ जुलै १९१९ रोजीं, नव्या प्रजासत्ताकानें कायदा करून ह्या बागांच्या खंडास मर्यादा घातली आणि वाटेल तेव्हां हुसकून लावण्यास बंदी केली.

१९३३ नंतर नाझींनीं ह्याही संस्था ताब्यांत घेतल्या. पण कुंपणाआड काय चालतें तें सरकारास सदैव कळतेंच असें नाहीं. १९४३ सालीं बर्लिनमधील अशाच एका वसाहतींत हान्स रोझेनथाल ह्या अठरा वर्षांच्या ज्यू मुलास एका स्त्रीनें आपल्या बागेंतील घरांत लपविलें. ती १९४४ मध्यें वारली, तेव्हां शेजारच्या बागेंतील दुसऱ्या स्त्रीनें त्यास आपल्याकडे घेतलें. त्याचा धाकटा भाऊ मारला गेला होता. हा मात्र वांचला आणि युद्धानंतर तेथील नभोवाणीवरचा व दूरचित्रवाणीवरचा अतिशय लोकप्रिय निवेदक झाला.

आज जर्मनींत अशा सुमारें नऊ लक्ष बागा आहेत. त्यांस लागू असलेला कायदा १९८३ चा. त्याप्रमाणें तुकडा चारशें चौरस मीटरांहून मोठा असूं नये, घर चोवीस चौरस मीटरांपलीकडे जाऊं नये. त्याच कायद्याप्रमाणें खंड, त्या भागांत फळें-भाजी पिकविणारे व्यावसायिक जो खंड देतात त्याच्या चौपटीहून अधिक घेतां येत नाहीं. शहरांतील जमिनीच्या भावाकडे पाहतां हें जवळजवळ दानच. म्हणून प्रश्न उठला, कीं केवळ हिरवळ लावून खुर्च्या टाकणाऱ्यास ही सवलत कां द्यावी? २००४ सालीं तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयानें सांगितलें, कीं वसाहतीची निदान एकतृतीयांश जमीन फळें व भाजीपाला ह्यांखालीं असल्याखेरीज ती कायद्याच्या अर्थानें अशी वसाहत ठरत नाहीं.

ह्या निकालाचा परिणाम मोठा मौजेचा झाला. हिशेब साऱ्या वसाहतीचा असल्यामुळें, शेजाऱ्यानें बटाटे काढून गवत लाविलें तर हळूहळू आपल्याही डोक्यावरचें छत्र जाण्याची भीति. समितीचे लोक बागांतून फेरी मारतात आणि कोणाचे वाफे कमी झाले तें टिपून घेतात. पुष्कळांस ही लुडबुड वाटते, आणि वर्तमानपत्रांतून तिची थट्टाही होते. पण फेरी संपली कीं तीच मंडळी घरीं जातांना कुंपणावरून एकमेकांस काकड्या देतात, कारण काकड्या सर्वांकडे एकाच आठवड्यांत येतात आणि संपतां संपत नाहींत.