खंड्याची समाधि आणि कुळाचा कागद

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या शेजारचे एक गृहस्थ सकाळींच घरीं आले. हातांत एक जाड, गुळगुळीत कागद होता. आपल्या धाकट्या मुलीसाठीं त्यांनीं लॅब्राडॉर जातीचें एक पिल्लूं ठरविलें होतें, व त्या कागदावर पिल्लाच्या तीन पिढ्यांची वंशावळ इंग्रजींत छापलेली होती. "सर, जुन्या कागदपत्रांची पारख आपल्याला. हा कागद खरा कीं खोटा, तेवढें सांगा," असें ते म्हणाले. मीं कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलें, "पिल्लाची आई पाहिलीत का?" ते म्हणाले, "नाहीं. विकणारे पिल्लूं मोटारींतून घरपोंच आणून देणार आहेत."

हा प्रश्न मला सहज सुचला नव्हता. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याच घरीं असेंच एक पिल्लूं कागदासह आलें होतें. तिसऱ्या दिवशीं त्यानें खाणें सोडलें, पुढें रक्ताची हगवण लागली, आणि नवव्या दिवशीं तें गेलें. पशुवैद्यांनीं रोगाचें नांव पार्व्हो असें सांगितलें, आणि हा रोग आपल्या घरीं लागलेला नसून पिल्लानें तो बरोबरच आणला असावा, असेंहि सांगितलें. विकणाऱ्यानें पुढें आमच्याशीं बोलणेंच बंद केलें. कागद मात्र अजून माझ्या टेबलाच्या खणांत आहे. त्यावर कुळ आहे; त्या कुळाची जबाबदारी घेणारा माणूस कोठेंच नाहीं. हा माणूस केव्हां नाहींसा झाला, याचा विचार करतां करतां मी आमच्या सातारा प्रांताच्या इतिहासांत शिरलों. तेथें जें आढळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

साताऱ्याच्या पूर्वेस कृष्णा व वेण्णा यांच्या संगमावर माहुली आहे. थोरले शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजीं निवर्तले. त्यांची समाधि तेथेंच आहे. याच माहुलीस लोक आणखी एक समाधि दाखवितात. ती महाराजांच्या एका कुत्र्याची. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव खंड्या. ज्या भाषेंत कुत्र्याचें नांव बहुधा शिवीसाठींच निघतें, त्या भाषेच्या राजधानींत कुत्र्याचें स्मारक असावें, याचें नवख्या माणसास नवल वाटतें. परंतु ही केवळ गांवगप्प नव्हे. १८१८ नंतर कांहीं वर्षें साताऱ्यास इंग्रजांचा प्रतिनिधि म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत या कुत्र्याची हकीगत दिली आहे. वाघाच्या शिकारींत त्यानें महाराजांचे प्राण वांचविले होते. म्हणून महाराजांनीं त्याला सनदेनें जहागीर दिली, पालखीचा मान दिला, आणि तो पालखीचा सरंजाम खरोखरच चालविला गेला. एकदां दोन मराठे सरदार भेटीस आले असतां महाराजांनीं त्याच्या अंगावर जरीचीं वस्त्रें व जवाहीर घातलें, आणि स्वतःची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेविली. ग्रँट डफनें हा सारा लहरीचा व बुद्धिभ्रंशाचा प्रकार म्हणून सांगितला आहे. आपण तो दुसऱ्या दृष्टीनेंहि पाहूं शकतों. वयाच्या सातव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत मोंगलांच्या कैदेंत राहिलेल्या राजाला निष्ठेची किंमत इतरांपेक्षां अधिक कळली असली, तर त्यांत नवल कसलें?

आपल्या विषयास महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. या हकीगतींत त्या कुत्र्याच्या कुळाविषयीं एक अक्षरहि नाहीं. तो कोणत्या जातीचा, त्याचा बाप कोण, हें ग्रँट डफ सांगत नाहीं, आणि माहुलीचे लोकहि सांगत नाहींत. ज्या काळीं माणसांच्या वतनाचे तंटे वंशावळीवर तुटत, त्या काळीं या मुक्या वतनदाराला जहागीर मिळाली ती केवळ कर्तृत्वावर.

मग आपल्याकडे कुत्र्याचें कुळ कोणीच पाहत नव्हतें काय? पाहत होते, पण ते दरबारचे लोक नव्हते. त्यांच्यासाठीं माहुली सोडून पूर्वेकडील पठारावर जावें लागतें. माण, खटाव, आटपाडी, जत हे सारे तालुके कमी पावसाचे, माळरानाचे आणि मेंढरांचे. आज त्यांतील कांहीं सातारा जिल्ह्यांत तर कांहीं सांगलींत मोडतात. परंतु सांगली हा जिल्हाच मुळीं १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें अस्तित्वांत आला आणि १९६० सालीं त्यास आजचें नांव मिळालें. त्यापूर्वीं आटपाडी औंध संस्थानांत होती, आणि जतेस डफळ्यांचें राज्य होतें. राज्यें निराळीं असलीं तरी माळ एकच होता, आणि त्या माळावरचा कुत्राहि एकच: लांब पायांचा, खोल छातीचा, पोट पाठीस लागलेला कारवानी. तो वासावर नव्हे, नजरेवर धांवतो. मध्य आशियांतून येणाऱ्या तांड्यांबरोबर याचे पूर्वज आले, म्हणून हें नांव पडलें, असें सांगतात. अरबस्तानांतील सलुकीशीं त्याचें रूप जुळतें, ही गोष्ट मात्र कोणाच्याहि डोळ्यांस दिसते.

या कुत्र्याची पैदास करणाऱ्या धनगरास वा शिकाऱ्यास कागद ठाऊक नव्हता. पण कुत्री कोणाची, तिला कोणता कुत्रा दाखविला, मागल्या वेतांतलें कोणतें पिल्लूं सशामागें पुरें पडलें आणि कोणतें अर्ध्या माळावर बसलें, हें त्याला तोंडपाठ असे. याचें कारण त्याची विद्वत्ता नव्हे. पैदास करणारा, पाळणारा आणि त्या कुत्र्यावर विसंबून राहणारा हे तिघेहि एकच होते. पिल्लूं रोगट निपजलें तर नुकसान त्याचेंच. शेजाऱ्यास वाईट पिल्लूं दिलें तर बोल ऐकावा लागे तोहि त्यालाच, आणि तोहि जन्मभर. वंशशुद्धीची सारी हमी या एका गोष्टींत होती.

याच जातीला राजाश्रय मिळाला तो कृष्णेच्या खोऱ्यांतच, परंतु आणखी दक्षिणेस, घटप्रभेच्या कांठच्या मुधोळास. मुधोळ आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत आहे; १९४८ पर्यंत तें घोरपड्यांचें मराठा संस्थान होतें. मालोजीराव घोरपडे यांनीं या कुत्र्यांची हौसेनें जोपासना केली. त्यांनीं पंचम जॉर्ज बादशहांस एक जोडी नजर केली व तेव्हांपासून 'मुधोळ हाउंड' हें नांव सर्वत्र झालें, ही हकीगत प्रसिद्धच आहे. २००५ सालीं भारताच्या डाक खात्यानें चार देशी कुत्र्यांचीं तिकिटें काढलीं, त्यांत मुधोळ होता; २०२० सालीं कर्नाल येथील राष्ट्रीय संस्थेनें त्याची अधिकृत जात म्हणून नोंद केली. माळावरच्या कुत्र्याला कागद मिळाला तो असा. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचें जुनें काम उरलें नाहीं, आणि तें उरलें नाहीं म्हणजे पिल्लाची ती रोखठोक परीक्षाहि उरली नाहीं. ती झाली हें योग्यच झालें. मात्र परीक्षेची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढणें आतां आपल्याकडे आलें.

विलायतेंत ही जागा कागदानें भरली. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन भरलें. १८७३ सालीं लंडनास केनेल क्लब स्थापन झाला. कुळाची नोंद होऊं लागली, फसवणुकीस आळा बसला, हा लाभ लहान नव्हता. परंतु बक्षीस मिळे तें रूपाला. चेहरा चपटा हवा म्हणून तो पिढ्यान् पिढ्या चपटा करीत नेला, तों पगला श्वास घेणें कठीण झालें. जवळच्या नात्यांत पुनः पुनः संबंध जुळविल्यानें रक्तांतले दोष घट्ट झाले. २००८ सालीं बी.बी.सी.नें या प्रकारावर एक माहितीपट दाखविला, तेव्हां मोठी खळबळ झाली. २०१० सालीं केंब्रिजचे सर पॅट्रिक बेटसन यांनीं चौकशी करून, असली पैदास कुत्र्यांस अपाय करते, असा स्पष्ट अहवाल दिला. कागद खरा असूनहि कुत्रा दुःखी असूं शकतो, हें ज्या देशानें कागद काढला त्यालाच कबूल करावें लागलें.

यावरून कागद फाडून टाकावा, असें माझें म्हणणें नाहीं. इतिहासाचा अभ्यासक तसें म्हणूं शकत नाहीं. पण दस्तऐवज हातीं आला कीं आपण पहिला प्रश्न विचारतों तो हा कीं, यामागें उभा कोण? तोच प्रश्न येथें विचारावा. आपल्याकडे २०१७ सालीं कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयीं नियम झाले. त्यांप्रमाणें पैदास करणाऱ्यानें राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आंतील पिल्लूं विकतां येत नाहीं. तेवढे दिवस पिल्लूं आईच्या दुधावर व भावंडांच्या संगतींत वाढावें, दांत कितपत लावावा हें त्यांच्याकडूनच शिकावें, हा त्यांतील हेतु. म्हणून घेणाऱ्यानें स्वतः जाऊन आई पाहावी. ती माणसास भिते कीं जवळ येते, तें पाहावें. लॅब्राडॉरसारख्या जातींत खुब्याच्या सांध्याची विकृति आनुवंशिक असते. आईबापांचीं क्ष-किरण चित्रें मागावीं. लस केव्हां टोंचली, तें पशुवैद्याच्या सहीनें पाहावें. कारण १९७८ पूर्वीं जगास ठाऊकहि नसलेला तो पार्व्हो आज न टोंचलेल्या पिल्लास सोडीत नाहीं. आणि शेवटीं विचारावें: "आम्हांस हें पाळतां आलें नाहीं, तर आपण परत घ्याल का?" जबाबदार माणूस याला होय म्हणतो, आणि उलट आपल्यालाच चार प्रश्न विचारतो: घरीं दिवसभर कोण असतें, अंगण आहे का, पूर्वीं कुत्रा होता का. त्या प्रश्नांचा राग मानूं नये. तेच त्याच्या खरेपणाचें प्रमाण.

आमच्या शेजाऱ्यांनीं विकणाऱ्याकडे आई पाहण्याचा आग्रह धरला. उत्तरें टाळाटाळीचीं येऊं लागलीं, आणि व्यवहार मोडला. मुलगी चार दिवस जेवतांना रडली. पुढें पावसाळ्यांत दुसऱ्या एका पैदास करणाऱ्या बाईंचा पत्ता लागला. त्यांनीं या मंडळींस दोनदां बोलाविलें, मुलीला आईजवळ तासभर बसविलें, आणि पिल्लूं नऊ आठवड्यांचें झाल्यावरच हवालीं केलें. कागद दिवाळीनंतर टपालानें आला. तो कोणी नीट उघडूनहि पाहिला नाहीं. मुलीनें कुत्र्याचें नांव खंड्या ठेविलें आहे. परवां ती विचारीत होती कीं, माहुलीच्या खंड्याला पालखींत बसवीत तेव्हां तो स्वस्थ बसत असेल का?