पुठ्ठ्याची घडी आणि शाळेचे डेस्क

पन्हळी कागदाचा जन्म फर्निचरसाठी झाला नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी त्याचे पेटंट घेतले ते उंच टोप्यांच्या अस्तरासाठी. पण पातळ कागदाला पन्हळ किंवा घडी दिली की तो ताठ उभा राहतो आणि भार पेलतो. पुढचा सारा इतिहास याच गुणावर उभा आहे. १९६० च्या दशकात पीटर मर्डॉक यांनी घड्या घालून मुलांची ठिपकेदार खुर्ची केली. १९७२ मध्ये फ्रँक गेरी यांनी पुठ्ठ्याचे थर चिकटवून ‘ईझी एजेस’ मालिका काढली. ती स्वस्त असावी हा हेतू. आज मात्र तिच्यातली ‘विगल’ खुर्ची श्रीमंतांच्या दिवाणखान्यात दिसते.

आपल्याकडे पुठ्ठ्याला वेगळे काम मिळाले. महाराष्ट्रातील अनेक खेड्यांतल्या शाळांत मुले जमिनीवर बसतात आणि वहीवर वाकून लिहितात. मुंबईच्या ‘आरंभ’ संस्थेने २०१४ च्या सुमारास टाकाऊ खोक्यांपासून ‘हेल्प डेस्क’ केले. साच्याप्रमाणे खोके कापायचे, घड्या घालायच्या, की उतरते मेज तयार. शाळा सुटली की तेच दप्तर. खर्च नाममात्र. वैरी एकच, पाणी: पुठ्ठा भिजला की पन्हळी बसतात आणि ताठपणा जातो. मग दुसरे खोके शोधायचे.