पाटी मिळाली, खुर्चीचं काय?

नामांतराचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी शहाणा विचारतोच, ‘एका पाटीसाठी एवढी माणसं मेली?’ पाटीसाठी नाही मेली. विद्यापीठ कुणाचं आणि तिथं ऐकायचं कुणाचं, या सवालावर मेली. आणि हा सवाल १९७८ चा नाही, फार जुना आहे.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं. घाम गाळून सारा भरणार रयत आणि त्या पैशावर वरचं शिक्षण घेणार वरच्या जाती, हे त्यांनी सरकारला सुनावलं. जुलै १९२७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मुंबईच्या कौन्सिलात आलं. बाबासाहेब तेव्हा कौन्सिलात होते. त्यांनी काय मागितलं? विद्यापीठाच्या सिनेटवर मागासवर्गीयांना जागा. पोरांना वर्गात बसू दिलं म्हणजे संपलं, असं त्यांनी मानलं नाही. नियम जिथं ठरतात तिथं आपला माणूस पाहिजे, ही ती मागणी होती.

मी कोल्हारचा. आमची प्रवरा खाली जाऊन प्रवरासंगमाला गोदावरीत मिसळते. गोदावरी ओलांडली की मराठवाडा. १९४८ पर्यंत अलीकडे इंग्रजांचा अंमल, नंतर स्वराज्य, पलीकडे निजाम. तिकडची कॉलेजं दूर हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. अशा मुलखात बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेज काढलं. तेच आपलं मिलिंद. मराठवाडा विद्यापीठ आलं १९५८ साली. म्हणजे विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी बाबासाहेबांचं कॉलेज उभं होतं. नाव मागणाऱ्या पोरांचा हक्क इथून सुरू होतो. ती भीक नव्हती.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला. त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. सवर्ण विद्यार्थी विरोधात रस्त्यावर आले, आणि आग शहरातून खेड्यात गेली. आपल्या वस्त्या जळाल्या, माणसं गाव सोडून पळाली. पोचिराम कांबळेंना मारलं. ठराव मात्र कागदावरच राहिला.

आता हे बघा. कोल्हारहून नगर-मनमाड रस्त्यानं नगरकडं निघालं की राहुरी लागते. तिथल्या कृषी विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव आहे. आमच्या नगर जिल्ह्यातली कॉलेजं ज्या पुणे विद्यापीठाखाली, त्याला २०१४ साली सावित्रीबाईंचं नाव मिळालं. त्या नावांपायी कुणाची झोपडी जळाली नाही. मग बाबासाहेबांच्याच नावाला एवढी आग का? कारण त्या नावामागं जिती पोरं उभी होती. मिलिंदमधून शिकून ती नोकऱ्या मागत होती, गावकीची कामं नाकारत होती. राग पाटीवर काढला, पण होता तो या पोरांवर.

१९७९ ला जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. मोर्चे, तुरुंग, निवेदनं झाली. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मागितलं नामांतर, मिळाला नामविस्तार. सभागृहाचा शब्द अंमलात यायला जवळजवळ साडेपंधरा वर्षं लागली.

आणि त्याच १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या थेट विद्यार्थी निवडणुका गेल्या. वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी. पाटीवर बाबासाहेब आले आणि पोरांच्या हातून मत गेलं! पहिल्या पिढीचा पोरगा, सुटीत रोजंदारीला जाणारा, तो वर्गात पहिला कधी यायचा? २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. पण कायद्यात लिहिलं म्हणजे मतपेटी आली, असं होत नाही. ठरावाचं काय झालं ते आपण पाहिलंय.

ज्या हैदराबादच्या तोंडाकडं मराठवाड्याची कॉलेजं बघायची, त्याच शहरातल्या केंद्रीय विद्यापीठात पाच दलित विद्यार्थ्यांना वसतिगृहातून बाहेर काढलं. रोहित वेमुला त्यातला एक. त्यानं डिसेंबर २०१५ मध्ये कुलगुरूंना पत्र लिहिलं. पोरं उघड्यावर तंबू टाकून बसली, आणि त्या जागेला नाव दिलं वेलिवाडा, म्हणजे गावाबाहेरची वस्ती. विद्यापीठालाही गावकुस असतं, हे त्यांनी एका शब्दात दाखवलं. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. त्यानंतर सगळा देश ऐकायला लागला. ऐकून घ्यायला दरवेळी आपलं मढंच का लागावं?

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या वर्गणीइतक्याच नेटानं आता विद्यापीठाचा कायदा वाचायला घ्या. निवेदन दिलं की पोच घ्या, तारीख मांडून ठेवा. अधिसभेवर कोण बसतं, विद्यार्थी परिषदेत कोण जातं, वसतिगृहाच्या कमिटीत कोण आहे, हे नावानिशी विचारा. बाबासाहेबांनी १९२७ साली खुर्ची मागितली होती. पाटीवर नाव आलं म्हणून ती मागणी निकालात निघालेली नाही.

जय भीम.