कॉलमला ‘ग्रुप’ नाव दिलं आणि ॲप अडलं? कोड जनरेटरमधला राखीव शब्दांचा घोळ असा सोडवा

समजा, कॉलेज प्रोजेक्टसाठी तुम्ही परीक्षेचे निकाल दाखवणारं वेब ॲप बनवताय. टेबलमध्ये चार साधे कॉलम ठेवले: क्लास, ग्रुप, रँक आणि टाइप. मग कोड जनरेटर चालवला आणि एकामागून एक एरर यायला लागले. नावं तर सरळ आहेत, मग बिघडलं कुठे? आज आपण तेच बघू. (लेखात नावं देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.)

कोड जनरेटर आणि राखीव शब्द म्हणजे काय?

कोड जनरेटर हे टेबलच्या रचनेवरून मॉडेल, फॉर्म, यादीचं पान असा नेहमीचा कोड स्वतःच लिहून देणारं टूल असतं. जँगोमधली ‘इन्स्पेक्टडीबी’ ही कमांड किंवा रेल्सचे जनरेटर ही त्याची उदाहरणं.

राखीव शब्द म्हणजे रेल्वेतल्या रिझर्व्ह सीटसारखा. भाषेने तो आधीच स्वतःच्या कामासाठी धरून ठेवलेला असतो. अडचण अशी की वेब ॲपमध्ये डेटाबेस, प्रोग्रामिंग भाषा आणि फ्रेमवर्क असे तीन थर असतात, आणि प्रत्येकाची राखीव यादी वेगळी असते. म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: हा शब्द नक्की कोणी राखून ठेवलाय? उत्तर मिळालं की उपाय आपोआप ठरतो.

आपले चार कॉलम, चार वेगळ्या अडचणी

१. ग्रुप (डेटाबेस): ‘ग्रुप बाय’मुळे हा शब्द एसक्यूएलमध्येच राखीव आहे. मायएसक्यूएलमध्ये तो तसाच वापरला तर १०६४ क्रमांकाचा सिंटॅक्स एरर येतो. उपाय म्हणजे नावाला खुणा लावणे. मायएसक्यूएलमध्ये बॅकटिक, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दुहेरी अवतरण चिन्ह, एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस. बॅकटिक म्हणजे कीबोर्डवर १ च्या डावीकडचं तिरकं चिन्ह. तिथे चुकून एकेरी अवतरण चिन्ह टाकलं तर कॉलममधली माहिती येत नाही, प्रत्येक ओळीत तोच शब्द छापून येतो.

२. रँक (डेटाबेसची नवी आवृत्ती): मायएसक्यूएल ५.७ मध्ये हा शब्द मोकळा होता, ८.० मध्ये राखीव झाला. ‘ग्रुप्स’, ‘विंडो’ आणि ‘सिस्टिम’ यांचंही तसंच. ५.७ चा अधिकृत सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. त्यामुळे जुनं, नीट चालणारं ॲप सर्व्हर अपग्रेड झाल्यावर अचानक बंद पडू शकतं, कोडची एक ओळही न बदलता! अपग्रेडच्या आधी मायएसक्यूएल शेलमधलं अपग्रेड चेकर चालवा. अशी नावं ते दाखवून देतं.

३. क्लास (प्रोग्रामिंग भाषा): मायएसक्यूएलला या नावाचं काही वाटत नाही, पण पायथनमध्ये तो राखीव आहे. इन्स्पेक्टडीबी इथे हुशारी दाखवतं. कोडमध्ये ते ‘क्लास_फील्ड’ असं नाव देतं आणि ‘डीबी_कॉलम’मध्ये मूळ नाव जपून ठेवतं. टेबलला हात लागत नाही.

४. टाइप (फ्रेमवर्क): रेल्समध्ये ‘टाइप’ हा कॉलम एकाच टेबलात अनेक क्लास ठेवण्यासाठी राखलेला आहे. त्यात तुम्ही ‘युनिट टेस्ट’ असं साठवलं, तर रेल्स त्या नावाचा क्लास शोधायला जातं आणि ‘सबक्लास नॉट फाउंड’ म्हणतं. मॉडेलमध्ये ‘इन्हेरिटन्स_कॉलम’ ही सेटिंग बदलली की प्रश्न मिटतो.

एरर न येणारी चूक जास्त धोक्याची

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये जनरेटरने खुणा लावून ‘युजर’ नावाचा कॉलम बनवला, असं समजा. ॲप छान चालतं, कारण जँगो आणि रेल्स स्वतःच्या क्वेरीत नावांना आपोआप खुणा लावतात. नंतर रिपोर्टसाठी तुम्ही हाताने क्वेरी लिहिली आणि खुणा विसरलात. एरर येणारच नाही! प्रत्येक ओळीत डेटाबेसला जोडलेल्या लॉगिनचं नाव दिसेल. चुकीचा रिपोर्ट सरांच्या हातात जाईपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही.

मग नाव बदलायचं की जुळवून घ्यायचं?

* प्रोजेक्ट नवीन असेल तर नावच बदला. एक्झाम_टाइप, ग्रुप_नेम, स्टुडंट_रँक अशी नावं वाचायलाही सोपी जातात.
* टेबलमध्ये जुना डेटा असेल तर कॉलमला हात लावू नका. दुसरं एखादं ॲप किंवा रिपोर्ट त्याच नावावर चालत असू शकतो. कोडमध्ये वेगळं नाव द्या आणि ते मूळ कॉलमशी जोडा.
* जनरेटरने लिहिलेल्या फाइलमध्ये घाईने दुरुस्ती करू नका. जनरेटर पुन्हा चालवून तीच फाइल नव्याने लिहिली, तर तुमची मेहनत पुसली जाईल. दुरुस्ती शक्यतो जनरेटरच्या सेटिंगमध्ये किंवा टेम्प्लेटमध्ये करा.
* स्वतः जनरेटर लिहीत असाल तर एसक्यूएलमध्ये प्रत्येक नावाला खुणा लावा, फक्त राखीव शब्दांना नाही. आज मोकळा असलेला शब्द उद्याच्या आवृत्तीत राखीव होऊ शकतो, हे ‘रँक’ने दाखवून दिलंच आहे. कोडमधल्या नावाला शेपूट जोडलंत, तर तसं नाव टेबलमध्ये आधीपासून नाही ना, हेही तपासा.

पुढच्या वेळी टेबल बनवताना दोन मिनिटं थांबा आणि कॉलमची नावं तिन्ही थरांच्या राखीव याद्यांशी ताडून बघा. सबमिशनच्या आदल्या रात्रीचं जागरण वाचेल!