ट्राउटच्या भरवशावर

माझा भाचा टोरोंटोला असतो. गळ टाकून तासन्‌तास नदीकाठी बसायचं वेड त्याला तिथेच लागलं. आता त्याला लॅब्रॅडॉरला ब्रूक ट्राउट पकडायला जायचंय, आणि त्याची कुरकुर एकच. "मामा, परवाना काढा, वर पैसे मोजून वाटाड्याही घ्या! मासाच तर पकडायचाय ना?" त्याला फोनवर सांगायला बसलो तर रात्र सरेल, म्हणून इथेच लिहितो. मंडळी, तुम्हीही वाचा.

लॅब्रॅडॉर म्हणजे कॅनडाच्या ईशान्य टोकाचा मुलूख. जंगल, दलदल, असंख्य तळी आणि ट्राउटने भरलेल्या नद्या. १९०३ साली लिओनिडास हबर्ड नावाचा तरुण तिथे गेला. न्यूयॉर्कच्या 'आउटिंग' मासिकाचा उपसंपादक, गळाच्या मासेमारीचा मोठा शौकीन. सोबत डिलन वॉलेस हा वकील मित्र आणि जॉर्ज एल्सन हा जेम्स उपसागराकडचा, क्री आणि स्कॉटिश वंशाचा अनुभवी माणूस. नास्कॉपी नदीने वर मिशिकमाऊ सरोवर गाठायचं आणि तिथून जॉर्ज नदीने उत्तरेला उतरायचं, असा बेत होता.

१५ जुलैला नॉर्थ वेस्ट रिव्हरहून तिघे एका होडीतून निघाले. अन्न मोजकंच घेतलं होतं, बाकीचं नदी आणि जंगल देईल हा हिशेब. नकाशात ग्रँड लेकला मिळणारी एकच नदी दाखवलेली होती. प्रत्यक्षात तिथे अनेक प्रवाह येऊन मिळतात. नास्कॉपीचं मुख राहिलं बाजूला, आणि हे शिरले सुसान नावाच्या उथळ, खडकाळ ओढ्यात. होडी आणि सामान खांद्यावर वाहण्यातच आठवडे गेले.

पण ट्राउट भरपूर मिळत होते! ऑगस्टमध्ये एक कॅरिबूही मिळाला. मला वाटतं, घात झाला तो इथेच. रोज संध्याकाळी मासा मिळतोय म्हटल्यावर परतायची वेळ झाली हे कोणाला पटणार? ९ सप्टेंबरला डोंगरावरून मिशिकमाऊ दिसलं, पण वाऱ्याने तळ्यावरच अडकवून ठेवलं. १५ तारखेला त्यांनी माघार घ्यायचं ठरवलं.

तोवर हवा बदलली होती. पाणी गार पडलं तसा मासा गळाला लागेना. गळ चालत नसेल तेव्हा उपयोगी पडतं जाळं, पण यांच्याकडचं जाळं जुनं आणि कुजकं, ते कधीच फाटून गेलं होतं. शिवाय ट्राउटमध्ये चरबी कमी. थंडीत ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचं नुसत्या माशावर भागत नाही. मोठ्या नदीच्या काठानेच उतरावं असं एल्सनचं मत होतं, हबर्डने ओळखीची सुसानची वाट धरली. शेवटी कातडं आणि जुनी हाडं उकळून खायची वेळ आली. १८ ऑक्टोबरला हबर्डला पुढे चालवेना. त्याला तंबूत ठेवून दोघे मदतीसाठी निघाले. त्याच्या डायरीतली शेवटची नोंद त्याच दिवसाची. वय ३१. एल्सनने कशीबशी वस्ती गाठली आणि तिथल्या फासेपारध्यांनी वॉलेसला वाचवलं.

गोष्ट इथे संपत नाही. १९०५ साली हबर्डची पत्नी मीना त्याच प्रदेशात गेली. बरोबर जॉर्ज एल्सन आणि आणखी तिघे जाणते, त्यातला गिल्बर्ट ब्लेक तर वॉलेसला वाचवणाऱ्यांपैकीच. होड्या दोन. २७ जूनला निघून, खरी नास्कॉपी धरून, २७ ऑगस्टला ती उत्तरेला उंगावा उपसागराशी पोचलीसुद्धा! नद्यांचा नकाशाही करून आली. फरक वाट माहीत असण्याचा, आणि माहीतगारांचं ऐकण्याचा.

आता तुझ्या कुरकुरीबद्दल. बावन्न अंश अक्षांशाच्या उत्तरेला, हमरस्त्यापासून आत, बाहेरच्या माणसाने वाटाड्याशिवाय (किंवा तिथे राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाशिवाय) मासेमारी करायची नाही, असा तिथला नियम. दुसऱ्या प्रांतातला कॅनेडियनही तिथे बाहेरचाच. मला तर त्या नियमात एल्सनच दिसतो. दिवसाला किती मासे याची मर्यादा आहे, कारण थंड पाण्यातला मासा सावकाश वाढतो. ब्रूक ट्राउट अंडी घालतो शरदात, म्हणून हंगामालाही शेवटची तारीख. त्या तारखेला निघालास तर थंडीच्या आधी घरीही येशील.

तेव्हा जा जरूर. जाण्याआधी त्या वर्षीचे नियम वाच. कुठे जातोस आणि कधी परतणार ते घरी लिहून ठेव, उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घे, आणि जेवण असं बांध की एकही मासा मिळाला नाही तरी चार दिवस जास्त पुरेल. मासा मिळाला तर तो पाहुणा समजावा, शिधा नव्हे.