हिमरूच्या मागावरची बैठक

हिमरू कापडाच्या मागासमोर उभं राहिलेलं माणूस कारागिराचे हातच बघत राहतं. धोटा एका हातातून सुटतो, दुसऱ्या हातात येतो, हात्या ओढला की आडवा धागा ठोकून जागी बसतो. खरी गंमत मात्र कमरेखाली असते. खड्डामागावर विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि खाली खड्ड्यात सोडलेल्या पायांनी पावड्या दाबतो. वर हात चालू, खाली पाय चालू, आणि मधलं धड दिवसभर सावध. ते डगमगलं तर धोट्याची फेक चुकलीच म्हणून समजा.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, ही बैठक कधी आली? परंपरा सांगते ती गोष्ट मुहंमद तुघलकाची. त्याने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली. तिच्याबरोबर विणकर आले आणि सुलतान परतला तरी त्यांतले काही इथेच राहिले. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि गावाचं औरंगाबाद झालं. दरबार म्हटला की किनखाब आलाच. पण जर आणि रेशीम सगळ्यांना कुठलं परवडायला? हिमरूने ती सोय केली: ताणा सुती, बाणा रेशमी, दिसायला किनखाबाचा धाकटा भाऊ. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली, तरी शेरवान्यांचं आणि शालींचं कापड इथल्या मागांवरून उतरत राहिलं.

जुन्या मागावर माणसं दोन लागत. नक्षी ‘जाल्या’त बांधलेली असे, जाला म्हणजे ताण्याच्या वर टांगलेलं गाठीगाठींच्या दोऱ्यांचं जाळं. वर बसलेला मदतनीस, बहुतेकदा एखादा पोरगा, ठरलेल्या क्रमाने दोरे ओढी आणि खालचा विणकर उघडलेल्या फटीतून धोटा टाकी. नंतर दोरे ओढायचं काम करणारं जकार्ड यंत्र आलं आणि वरची जागा रिकामी झाली. या कामाचे गोडवे गाताना एवढं विसरू नये, की ओल धरणाऱ्या खड्ड्यात आयुष्य काढणाऱ्याची कंबर दुखायची ती दुखायचीच.

विणकराची नजर नक्षीवर असते. पाय कोणत्या पावडीवर आहे हे बघायला तो वाकत नाही. न बघता आपल्या अवयवांचा ठावठिकाणा कळणं, या शरीरभानाला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०६ मध्ये ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं भारदस्त नाव दिलं. १९६७ मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. उभ्या माणसाला हात उचलायला सांगितलं, तर खांद्याचा स्नायू हलण्याआधीच पायाचे आणि धडाचे स्नायू कामाला लागलेले असतात. हाताची हालचाल हातात सुरू होत नाही, हे कुठल्याही जुन्या विणकराला सांगितलं असतं तर तो हसला असता.

ही घडी विस्कटते तेव्हा काय होतं, ते मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये दिसतं. रुग्ण आणि डॉक्टर दोघेही त्याला ‘एमएस’च म्हणतात. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण इथे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कुरतडते. मग निरोप उशिरा पोचतात, अर्धवट पोचतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या मज्जाविकारतज्ज्ञाने १८६८ मध्ये या आजाराची व्यवस्थित मांडणी केली. मांडीवर शांत असलेला हात पेला उचलायला पुढे झाला की थरथरू लागतो, हेही त्याने टिपलं होतं. अशा कितीतरी रुग्णांचं दुखणं नुसतं हाताचं नसतं. धडच स्थिर राहत नाही, आणि मग हातालाच तोल सावरायचं आणि पेला धरायचंही काम पडतं.

माग आणि रुग्णालय यांची गाठ मात्र मॉस्कोच्या त्या प्रयोगाच्या फार आधी पडली होती. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना उपचार म्हणून विणायला बसवत. पुढे व्यवसायोपचाराच्या विद्येने माग बदलून घेतले: बैठक किती उंच, हात्या किती जड, यावरून कोणत्या स्नायूला किती काम पडेल ते ठरू लागलं. ही विद्या भारतात रुजवली मूळच्या अमेरिकन कमलाबाई निंबकरांनी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा उघडली. १९५२ मध्ये या विषयाचा जागतिक महासंघ झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

त्याच सुमारास औरंगाबादेत माग गिऱ्हाईक शोधत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या. शेरवानीसाठी हिमरू कापून नेणारा वर्गच उरला नाही. गावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं ते १९५६ मध्ये. त्याचं रुग्णालय आजही साऱ्या मराठवाड्याला ‘घाटी’ म्हणूनच ठाऊक आहे.

आज एमएसच्या रुग्णाच्या हाताची परीक्षा माग घेत नाही, नऊ भोकांची एक छोटी पाटी घेते. नऊ खुंट्या एकेक करून बसवायच्या, पुन्हा काढायच्या, आणि घड्याळ लावून वेळ मोजायचा. पाटी पुढे सरकवण्याआधी जाणता उपचारक टेबलाखाली नजर टाकतो: पाय जमिनीला टेकलेत का? टेकले नसतील तर एक पाट शोधून आणतो आणि पायांखाली सरकवतो.