अंगणातली शाळा आणि फोनमधली शाळा

आपल्या शहापूर-मुरबाडच्या शाळांतले गुरुजी आणि बाई आता एकमेकांना फोनवर सांगतात : चिंचोक्यांनी बेरीज कशी शिकवावी, जोडाक्षरे कशी वाचून घ्यावीत. आपल्याला वाटते, ही फोनने आणलेली रीत. पण ती आपल्या आज्यांच्या काळापासूनची आहे.

ताराबाई मोडक १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवत होत्या. एका वर्गात जमलेली गोष्ट त्या अंकातून दुसऱ्या गावच्या शिक्षकांपर्यंत आणि आयांपर्यंत पोचे. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ सोबतीला आल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला २०१४ साली.

आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा बाईंनी पाड्यावरच्या अंगणातच वर्ग भरवला. तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा. विकतची खेळणी परवडत नव्हती, म्हणून पाने, खडे, शिंपले, बिया. १९७५ साली देशभरची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हे नाव घरोघर पोचले.

आपल्या तालुक्यांतही असेच घडले. शहापूरच्या पष्टेपाड्याला संदीप गुंड गुरुजींनी जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल केली आणि ती रीत इतर शिक्षकांना शिकवली. मुरबाडच्या फांगण्याला योगेंद्र बांगर गुरुजींनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा काढली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या वर्गात बसल्या. शिकवायला गावातलीच सून, आणि तिच्या वर्गात तिची सासूही!

२०२०च्या टाळेबंदीत शाळा फोनवर गेली. ज्या पाड्यावर रेंज नाही, ज्या घरात एकच फोन आणि तोही धन्याच्या खिशात, तिथली पोर मागे पडली. गुरुजींची युक्ती फोनपर्यंत आली, पण पोरीपर्यंत आली नाही. हे अंतर ताराबाई-अनुताईंनी स्वतः चालत जाऊन तोडले होते.

आता ते आपल्याही हातात आहे. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. नाव नुसते सहीपुरते ठेवू नका. पुढच्या बैठकीत बाईंना विचारा, “या महिन्यात नवीन काय शिकलात? आम्हाला घरी करता येईल असे दाखवा.” चिंचोके आपल्या घरात आहेतच.